भिंतीवरचा जुना कागद

दम्याच्या एका आजींना मी दोन पावसाळे औषधे बदलून बदलून देत राहिले. तिसऱ्या पावसाळ्यात त्यांना जिना उतरवेना म्हणून घरी गेले, आणि खरे निदान भिंतीवर दिसले. पलंग पश्चिमेच्या भिंतीला लागून होता. भिंतीवर दहा-बारा वर्षांपूर्वी मुलाने हौसेने लावलेला वेलबुट्टीचा वॉलपेपर. सुटलेली कड उचलून पाहिली, तर मागे काळीकरडी बुरशी. लेकीकडे गेल्यावर खोकला थांबतो, असे आजींनी मला दोनदा सांगितले होते. मी ते लेकीचे कौतुक समजले होते.

व्हिनाइलचा कागद भिंतीतील ओल बाहेर पडू देत नाही. आतला कागद आणि खळ यांवर बुरशी पोसते. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा व श्वसनाचे अन्य विकार अधिक आढळतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे.

मात्र हा कागद घाईने ओरबाडण्यात अधिक धोका आहे, कारण बुरशीचे कण घरभर उडतात. रुग्णाचा पलंग त्याच दिवशी दुसऱ्या खोलीत हलवावा. कागद काढण्याचे काम पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात करावे. त्या दिवसांत रुग्णाने शक्यतो घरातच थांबू नये. आणि आजोबांनी स्टुलावर चढून ‘एवढे तर मी करतो’ म्हणू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्यावर पडणे म्हणजे काय, हे मी पाहिले आहे.

काम करणाऱ्याने एन-९५ मास्क, हातमोजे आणि चष्मा वापरावा. तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. पाण्याचे काम असल्याने त्या खोलीची वीज मेनपासून बंद करावी. खोलीचे दार बंद, खिडकी उघडी. बुरशी असलेला भाग आधी पाणी फवारून ओलसर करावा, मग कोपऱ्यापासून व्हिनाइलचा थर सावकाश सोलावा. मागे उरलेल्या कागदावर स्पंजने कोमट पाणी लावून १०-१५ मिनिटे मुरू द्यावे. मग तो रंगाऱ्याच्या पट्टीने निघतो. निघालेला कागद ओला असतानाच पिशवीत बांधून बाहेर न्यावा. ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

खालचा रंग जुना असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांत शिसे असू शकते. नातवंडे रांगत असतील तर हे विशेष जपावे.

आजींच्या घरी ओलीचे मूळ बाहेरच्या फुटक्या पाइपात निघाले. तो दुरुस्त करून, भिंत पूर्ण वाळल्यावरच रंग दिला. इनहेलर अजूनही चालू आहे, पण पुढच्या पावसाळ्यात रात्रीचे उठून बसणे थांबले. वेलबुट्टी गेल्याची हळहळ मात्र त्यांना आहे. भिंत ओकीबोकी वाटते म्हणून त्यांनी यजमानांचे छायाचित्र तेथे लावले. मागे हवा खेळावी म्हणून खिळा थोडा लांब ठेवायला मी सांगितला.