इंजिनाच्या पोटात – भाग 9 : पिस्टन वितळला, हमी कोणाची?

डिझेल इंजिनाची ताकद किती डिझेल फवारलं यावर ठरते, हे मागच्या भागात पाहिलं. कधी आणि किती फवारायचं, याचे तक्ते इंजिनाच्या संगणकात, म्हणजे ईसीएममध्ये असतात. हे तक्ते बदलून ताकद वाढवण्याला अमेरिकेतले पिकअप ट्रकवाले ‘ट्यूनिंग’ म्हणतात, आपल्याकडचे हौशी ‘रिमॅप’. हातात मावणारं यंत्र गाडीच्या सॉकेटला जोडायचं, काही मिनिटं थांबायचं, की झालं.

जनरल मोटर्सच्या 6.6 लिटर ड्यूरामॅक्स इंजिनाची ताकद 2001 साली 300 अश्वशक्ती होती, 2006च्या आवृत्तीत ती 360 झाली. या 60 अश्वशक्तीसाठी कंपनीने ब्लॉक मजबूत केला, कनेक्टिंग रॉड जाड केले, कॉम्प्रेशन रेशो 17.5 वरून 16.8 वर आणला. ट्यूनर याहून मोठी उडी मारतो आणि धातू मात्र होता तोच राहतो.

मग तो धातू काय करतो? पिस्टन असतो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं आणि सिलिंडरमधली ज्वाला त्याहून कितीतरी तप्त असते. तरी पिस्टन टिकतो, कारण प्रत्येक भडका क्षणभराचा असतो आणि खालून तेलाची धार त्याला सतत गार करत असते. सपाट रस्त्यावर थोडा वेळ जोर लावला तर हा हिशेब जमतो. जड ट्रेलर ओढत लांबलचक चढ चढताना मात्र जादा डिझेलची उष्णता साठत जाते, तेलाची धार अपुरी पडते आणि पिस्टनची कड वितळू लागते. फवारणीची वेळ फार अलीकडे ओढली, तर सिलिंडरमधला दाब वाढून हेड गॅस्केट जातं.

आता ट्रक डीलरच्या दारात येतो. 1975च्या मॅग्नसन–मॉस कायद्यामुळे अमेरिकेत बाहेरचा सुटा भाग बसवला एवढ्यावरून कंपनीला सरसकट हमी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळेच झाला, हे दाखवावं लागतं. काचेची मोटर जळली तर ट्यूनिंगकडे बोट दाखवून चालत नाही. पिस्टन वितळला तर चालतं.

म्हणून मालक डीलरकडे जाण्याआधी मूळ तक्ते परत भरतो. ज्याने ते भरले नाहीत, तो मात्र सापडू शकतो. तक्त्यांवरून निघणारा एक पडताळणी क्रमांक असतो, एक आकडा बदलला तरी तो बदलतो. ड्यूरामॅक्सचं इंजिन हमीत बदलण्याआधी हा क्रमांक ताडून पाहा, अशी सूचना जनरल मोटर्सने डीलरांना दिली.

पण बदललेले तक्ते सापडले म्हणून गुन्हा सिद्ध होत नाही. सुरुवातीच्या ड्यूरामॅक्सचे इंजेक्टर इतके गळके निघाले की कंपनीला त्यांची हमी 7 वर्षं किंवा 2 लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. गळका इंजेक्टरही पिस्टन वितळवतो. तेव्हा सगळे सिलिंडर उघडून पाहावे लागतात. आठही पिस्टन भाजलेले असतील तर संशय तक्त्यांवर, एकच वितळून बाकीचे सात धड असतील तर त्या एका इंजेक्टरवर.

मुळात हमी येते कुठून? धातू जेवढं सोसू शकतो, त्याहून कमी त्याच्याकडून मागायचं, ही कारखान्याची रीत. हातची राखलेली ती शिल्लक असते, म्हणूनच कंपनी वर्षानुवर्षांची जबाबदारी घेऊ शकते. ट्यूनर विकतो ती नेमकी हीच शिल्लक. ती एकदाच खर्च करता येते, चढावर किंवा हमीच्या काउंटरवर.

पुढच्या आठवड्यात : धुराची चाळणी काढून फेकणारे ट्रक.