'श्रेक २' : रूपांतराचा आशय आणि संगणकीय प्रतिमाकला

विल्यम स्टाइग यांच्या १९९० मधील बालपुस्तकावर आधारित 'श्रेक' (२००१) या अॅनिमेशनपटाचा उत्तरभाग 'श्रेक २' २००४ साली प्रदर्शित झाला व त्याच वर्षी कान महोत्सवाच्या स्पर्धा विभागात दाखविला गेला.

परंपरागत परीकथा विवाहापाशी थांबते. येथे कथानक विवाहोत्तर सासुरवाडीच्या भेटीपासून सुरू होते. राक्षस जावई राजा हॅरॉल्डला अमान्य आहे. परीमाता कारखान्यात जादूची पेये बनविते. म्हणजेच सुख ही विक्रेय वस्तू ठरते. पत्नीसाठी श्रेक असे पेय पिऊन देखणा मानव होतो. मध्यरात्रीपूर्वीच्या चुंबनाने हे रूप कायम राहणार असते. तथापि फिओना मूळ रूपच स्वीकारते. राजाही मुळात बेडूक असल्याचे अखेरीस उघड होते. रूपाचा आग्रह धरणाराच स्वतःचे रूप लपवीत होता, हा उपरोध कथेचा गाभा होय.

हा आशय तंत्रावर अवलंबून आहे. मानवी रूप विश्वसनीय वाटले नाही, तर त्याचा त्यागही निरर्थक ठरेल. त्यासाठी एका पृष्ठभागावरून परावर्तित होऊन दुसऱ्यावर पडणाऱ्या अप्रत्यक्ष प्रकाशाचे गणन या चित्रपटात करण्यात आले. परिणामी चेहऱ्यांना सौम्य छटा लाभल्या. शार्ल पेरोच्या १६९७ मधील कथेतून आलेले बूटधारी मांजर टोपी छातीशी धरून डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारते. पहारेकरी विरघळतात आणि ते हल्ला चढविते. येथे विनोद संवादातून नव्हे, तर स्थिर मुद्रेच्या लांबविलेल्या क्षणातून निर्माण होतो.

सारांश, दिसण्यावर विसंबू नये हे सांगणारी ही कलाकृती दिसण्याच्याच सामर्थ्यावर उभी आहे.