आतडं, दाह आणि हृदय: पाव शतकाचा मागोवा

हृदयविकार म्हणजे रक्तवाहिनीत साचलेली चरबी, एवढंच समीकरण असेल तर कोलेस्टेरॉल बेताचं असलेल्यांनाही झटका का येतो? १९९७ मध्ये बॉस्टनच्या पॉल रिडकर यांनी दाखवलं, की वरवर धडधाकट पुरुषांपैकी ज्यांच्या रक्तात सीआरपी जास्त, त्यांना पुढे झटक्याचा धोकाही जास्त. सीआरपी ही शरीरात दाह धुमसत असल्याची खूण. आता प्रश्न उरला, ही धग येते कुठून?

एक धागा १९९९ मध्ये हाती लागला. हृदय थकल्यामुळे अंगावर सूज चढलेल्या रुग्णांच्या रक्तात एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातलं विष, जास्त आढळलं. पाणी उतरवणारी औषधं दिल्यावर तेही उतरलं. पाय सुजतात तशी आतड्याची भिंतही सुजते आणि आतलं बाहेर झिरपू लागतं, असा त्यामागचा तर्क.

मग २०१३ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅनली हेझन यांच्या गटाने निरोगी माणसांना दोन उकडलेली अंडी खायला दिली. काही तासांत रक्तात टीएमएओ नावाचं द्रव्य वाढलं. आठवडाभर अँटिबायोटिक्स देऊन पुन्हा तीच अंडी दिली, तर टीएमएओ जवळपास नाहीसंच! औषध थांबवून काही आठवडे गेल्यावर ते परतलं. म्हणजे ते बनवण्याचं काम आतड्यातल्या जिवाणूंशिवाय होत नव्हतं. याच गटाने चार हजारांवर रुग्ण तपासले, तेव्हा टीएमएओ जास्त असलेल्यांना हृदयाचा धोकाही जास्त दिसला.

दरम्यान प्रोबायोटिक्सच्या, म्हणजे उपकारक मानल्या जाणाऱ्या जिवाणू किंवा यीस्टच्या, पूरक गोळ्यांचा बाजार फुलला. पुरावा मात्र मागेच राहिला. २०१८ मध्ये अमेरिकेत हृदयरोग असलेल्या २० पुरुषांना सहा आठवडे लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचं पेय दिलं. रक्तवाहिन्या जास्त सैलावू लागल्या, दाहाच्या काही खुणा उतरल्या. पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. २०२१ च्या ‘गटहार्ट’ (GutHeart) नावाच्या चाचणीत हृदय कमकुवत असलेल्यांना तीन महिने सॅकरोमायसीस बुलार्डी हे यीस्ट देऊन पाहिलं. हृदयाची पंपक्षमता, सीआरपी, टीएमएओ, कशातच फरक पडला नाही.

दाह कमी केल्याने झटके कमी होऊ शकतात, हे मात्र २०१७ मध्ये सिद्ध झालं होतं. कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनने कोलेस्टेरॉलला हात न लावता धोका सुमारे १५ टक्क्यांनी घटवला; जीवघेणे संसर्ग वाढले, ही त्याची किंमत. संधिवातावरची स्वस्त कोल्चिसिन २०१९ आणि २०२० मध्ये यशस्वी ठरली. २०२४ च्या मोठ्या चाचणीत मात्र तिने सीआरपी उतरवूनही झटके कमी केले नाहीत. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. ‘आमच्या कॅप्सूलने सीआरपी घटतो’ हा दावा खरा असला, तरी त्याने रुग्णाचं हृदय वाचतं असं ठरत नाही. झटके मोजणारी मोठी चाचणी प्रोबायोटिक्सवर झालेलीच नाही. अँजिओप्लास्टीनंतर आधीच औषधांच्या बिलाखाली दबलेल्या घराला ही महागडी डबी घ्यायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. आपल्याकडे अशा पूरकांच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावं लागतं. ते वाचून दाखवणारं कुणी भेटत नाही.

ताकाचं काय? स्टॅनफर्डच्या २०२१ च्या अभ्यासात ३६ निरोगी माणसांपैकी आंबवलेले पदार्थ खाणाऱ्या गटात दाहाशी निगडित १९ प्रथिनं घटली. ते हृदयरुग्ण नव्हते, तरी घरचं ताक प्यायला हरकत नसावी. मीठ मात्र डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच. हृदय थकलेल्याने पाण्याच्या हिशोबात ताकही धरावं. आणि बुलार्डीची पुडी आयसीयूत, शिरेत मोठी नळी घातलेल्या रुग्णाजवळ फोडूसुद्धा नये. हे यीस्ट रक्तात शिरून गंभीर संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत.