थर्टी फर्स्टला गोवा? वाटेत दाजीपूरला मुक्काम टाका की!

डिसेंबर उजाडला की राजारामपुरीच्या गल्लोगल्ली चहाच्या टपरीवर एकच प्लॅन शिजतो. ‘भावा, यंदा थर्टी फर्स्टला गोवा फिक्स!’ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो, पंधराजण अंगठा दाखवतात आणि निघायच्या दिवशी उरतात चार. हे त्या चौघांसाठी.

गोव्याला जरूर जा. फक्त रात्री अकराला जेवून, एका दमात जायचा नाद सोडा. कारण साधं आहे, ऊस. या दिवसांत कारखाने जोरात असतात. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यांना मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. असला तरी लोंबत्या उसाखाली झाकलेला. बंद पडलेल्या ट्रॉलीची खूण म्हणजे रस्त्यावर मांडलेले चार दगड. ऐंशीच्या स्पीडला ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि पुढं घाट.

त्यापेक्षा सकाळी निघा. रंकाळ्यावरचं धुकं बघत पुईखडी, हळदी, भोगावती, राधानगरी. वाटेत चिमणीतून धूर दिसला की गाडी बाजूला घ्या, तिथं गुऱ्हाळ असतं. काहिलीत रस उकळत असतो, गुळव्या नुसत्या फेसाकडं बघून पाक कुठवर आला ते ओळखतो. गूळ होण्याआधी काढतात ती काकवी. विचारलं तर गरम गूळ हातावर ठेवतात. पुढं राधानगरीचं धरण आहे, शाहू महाराजांनी सुरू केलेलं. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. इंजिनिअरिंगवाल्यांनी तरी थांबावंच.

मुक्काम दाजीपूरच्या बाजूला. या भागात घरगुती खानावळी आहेत, काहींच्या मागं दोन-तीन खोल्या. हॉटेल समजून जाऊ नका. ते कुणाचं तरी घर असतं. अंगणात चूल, दारात कुत्रं, आजी शेकत बसलेली. आयत्या वेळी ‘मावशी, चार चिकन थाळी’ म्हणून चालत नाही. सकाळीच फोन करून माणसं सांगा, तेव्हा कुठं कोंबडा ठरतो. मग रात्री नाचणीची भाकरी, तांबडा, पांढरा आणि खर्डा. जाळ आणि धूर, दोन्ही! भाव आधीच विचारून घ्या. जेवण झाल्यावर घासाघीस करणं शोभत नाही.

मुलींच्या ग्रुपलाही अशी घरं सोयीची पडतात, कारण घरची माणसं तिथंच असतात. फोन नंबर आई-बाबांना देऊन ठेवा. ओळखपत्र सगळ्यांनी घ्या.

स्पीकर मात्र घरीच राहू दे. हे गव्यांचं अभयारण्य आहे, १९५८ पासूनचं, राज्यातलं सगळ्यात जुनं. बारा वाजता फटाके आणि डीजे इथं नकोत. अंधार पडल्यावर गाडी काढून ‘गवा बघून येऊ’ हे तर अजिबात नको. रस्त्यात उभा असलेला गवा हॉर्नला दबत नाही. शेकोटीपाशी बसा, कानटोपी घाला, पत्ते काढा. थंडी खरंच वाजते.

पहिल्या तारखेला उजाडल्यावर, झोप पूर्ण झालेल्या माणसाला स्टिअरिंगवर बसवून फोंडा घाट उतरा. खाली पोचेपर्यंत स्वेटर नकोसा होतो. तिथून कणकवली, मग मुंबई-गोवा हायवे. काकवीची बाटली तेवढी सीटवर आडवी ठेवू नका, कव्हर धुऊन निघत नाही.