ट्रान्झिस्टरची जोडी जमवताना

रेडिओवर बोलण्यासाठी हा विषय निवडावा, यात थोडी गंमत आहे. टेस्ला कॉइल चालू झाली की सर्वात आधी तक्रार करतो तो शेजारच्या खोलीतला रेडिओच. मीडियम वेव्हवर नुसती खरखर ऐकू येते. तरीही इंजिनिअरिंगच्या मुलांना या यंत्राचे विलक्षण वेड आहे. कॉलेजच्या प्रदर्शनाचे दिवस जवळ आले, की कोणी ना कोणी माझ्याकडे येते आणि प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, ठिणगी फूटभर निघते, दोन फुटांची हवी. आणखी एक ब्रिज लावू का?’

आधी हे यंत्र समजून घेऊ. निकोला टेस्लाने १८९१ साली जगापुढे आणलेली ही कॉइल म्हणजे एक वेगळ्या जातीचा ट्रान्सफॉर्मर. खाली जाड तारेचे मोजके वेढे, मध्ये उभी नळी, तिच्यावर बारीक तारेचे हजारभर वेढे आणि माथ्यावर धातूचे गुळगुळीत कडे. या उभ्या वेटोळ्याला झोपाळ्यासारखी स्वतःची लय असते. फरक इतकाच, की ती सेकंदाला एखादा झोका नव्हे, तर दोन लाखांच्या आसपास झोके घेते. बरोबर त्याच लयीत खालून धक्के देत गेलो, की वरचा दाब लाखो व्होल्टपर्यंत चढतो आणि हवेत ठिणगी झेपावते.

हे धक्के टेस्लाच्या काळी एका फटीत उडणारी ठिणगीच देत असे. आता ते काम ट्रान्झिस्टर करतात. चार ट्रान्झिस्टर चौकोनात मांडायचे आणि मधोमध कॉइल जोडायची. समोरासमोरच्या कोपऱ्यांतली एक जोडी उघडली, की प्रवाह डावीकडून उजवीकडे, दुसरी उघडली की उजवीकडून डावीकडे. या मांडणीला ब्रिज म्हणतात. घरातल्या २३० व्होल्टची वीज एकदिश करून कपॅसिटरमध्ये साठवली, तर या ब्रिजला सुमारे ३२५ व्होल्ट मिळतात.

आता मुलांच्या प्रश्नाकडे. गच्चीवर पाण्याची एक टाकी आहे. शेजारी, त्याच उंचीवर, दुसरी टाकी बसवून जोडली. खालच्या नळाची धार वाढेल का? नाही. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो, टाक्यांच्या संख्येवर नाही. समांतर जोडलेल्या दुसऱ्या ब्रिजचेही तसेच. कॉइलला मिळणारा दाब ३२५ व्होल्टच राहतो, फक्त जास्त प्रवाह देण्याची ऐपत येते. तो प्रवाह ओढून घ्यायचा असेल, तर नळ मोठा करावा लागतो, म्हणजे खालचे वेढे कमी करावे लागतात. दहाचे सात केले, तर प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो, कारण इथे वेढ्यांच्या वर्गाचा हिशेब चालतो. आणि एवढे करून ठिणगी दुप्पट होते का? हौशी प्रयोगकारांचा ठोकताळा सांगतो, की लांबी दुप्पट हवी तर शक्ती चौपट लागते. म्हणजे फुटाचे दोन फूट करायला दोन नव्हे, चार ब्रिज. हे ऐकून निम्मी मुले तिथेच विचारात पडतात. पडावीतच. खिशाचा प्रश्न आहे.

उरलेल्या निम्म्यांसाठी पुढची गोष्ट. ओझे दोघांवर टाकले म्हणून ते निम्मे-निम्मे वाटले जाते, असे नाही. पूर्वी काळ्या रानात लोखंडी नांगर ओढायला बैलांच्या तीन-चार जोड्या जुंपत. एक जोडी दमली की ती आपोआप ढिली पडे आणि भार इतरांवर जाई. मॉसफेट जातीचे ट्रान्झिस्टर असेच समजूतदार असतात. ते तापले की त्यांचा रोध वाढतो, शंभर अंशांच्या आसपास दीडपट ते दुप्पट होतो आणि प्रवाह थंड असलेल्या भिडूकडे वळतो. जुन्या पद्धतीचा द्विध्रुवी ट्रान्झिस्टर नेमका उलट. तो तापला की आणखी प्रवाह ओढतो, म्हणून आणखी तापतो आणि शेवटी जळतो. लोड शेडिंगच्या काळात घरोघरी आलेला इन्व्हर्टर कोणी उघडून पाहिला असेल, तर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर मॉसफेटची ओळ दिसली असेल. ती याच स्वभावाच्या भरवशावर.

पण हा समजूतदारपणा ट्रान्झिस्टर पूर्ण उघडल्यानंतरचा. उघडता-मिटतानाचा क्षण वेगळा, आणि घात बहुधा तिथेच होतो. समजा, दोन ब्रिजपैकी एक दुसऱ्याच्या फक्त ५० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दोन कोटीव्या भागाइतका, मागे राहिला. तेवढ्या वेळात एकाचे टोक ३२५ व्होल्टवर आणि दुसऱ्याचे शून्यावर. दोघांना जोडणारी तार वीतभर असली, तरी तिच्यातून सुमारे ८० अँपिअर वाहू लागतात आणि ते कॉइलकडे न जाता एका ब्रिजमधून दुसऱ्यात जातात. ठिणगी तेवढीच राहते, ट्रान्झिस्टर मात्र फुटतात. हा फटाका प्रदर्शनाच्या आदल्या रात्री वाजला, तर त्या मुलांचे चेहरे पाहवत नाहीत.

म्हणून सर्व ब्रिजना हुकूम एकाच ठिकाणाहून गेला पाहिजे आणि तो नेणाऱ्या तारा मोजून सारख्या लांबीच्या हव्यात. प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या गेटला स्वतंत्र, काही ओहमचा रोधक हवा, नाहीतर शेजारी-शेजारी बसलेले मॉसफेट आपसातच थरथरू लागतात. कपॅसिटर प्रत्येक ब्रिजला अगदी खेटून, कारण अशा वेगाने बदलणाऱ्या प्रवाहात सेंटिमीटरभर तारही दहाएक व्होल्टचा झटका देते. आणि माझ्या मते सर्वात उपयोगाची युक्ती म्हणजे फेराइटचे कडे. दोन ब्रिजच्या तारा त्यातून उलट-सुलट दिशेने ओवायच्या. दोघांचा प्रवाह सारखा असेल, तर कडे गप्प राहते. एकाचा वाढू लागला की ते त्यालाच अडवते.

पहिली चाचणी कधीही थेट २३० व्होल्टवर करू नये. वाटेत जुन्या पद्धतीचा, तारेचा शंभर वॉटचा बल्ब मालिकेत जोडावा. काही चुकले असेल, तर ट्रान्झिस्टरऐवजी बल्ब पेटतो. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. त्यांच्यावर कायमचा एक रोधक जोडून ठेवावा आणि तरीही, हात लावण्यापूर्वी मीटर लावून आकडा शून्याजवळ आल्याची खात्री करावी.