घरचं जाळं, भाग ४ : आतली खोली

मागच्या आठवड्यात आपण फायबरच्या डबीवरचे दिवे वाचायला शिकलो. लाल दिवा नाही आणि हिरवे नीट लागलेत, म्हणजे इंटरनेट उंबरठ्यापर्यंत आलेलं आहे. तरी आतल्या खोलीत व्हिडिओवरचं चक्र गोल गोल फिरतंच. मग आपण नेटवाल्याला फोन लावतो आणि तो वरचा प्लॅन सुचवतो. १०० एमबीपीएसचे २०० होतात, बिल वाढतं, चक्र फिरायचं थांबत नाही.

म्हणून आधी मोजायचं. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून स्पीड टेस्ट करा. मग राउटरपासून दोन पावलांवर फोनवर करा, मग आतल्या खोलीत. तिन्ही आकडे कागदावर लिहा. प्लॅन १०० चा आणि केबलवरच ४० येत असतील, तर खुशाल नेटवाल्याशी भांडा. केबलवर ९४ आणि आत ६ येत असतील, तर त्या बिचाऱ्याचा दोष नाही; मधली भिंत आपली आहे. प्लॅन २०० चा असून केबलवरचा आकडा ९५ च्या पुढे हलतच नसेल, तर केबल किंवा पोर्ट तपासा. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. त्यांतल्या चारच जोडल्या, किंवा एखादी पिनेशी तुटली, की गाडी १०० वर अडते. पोर्टच जुन्या पद्धतीचा असेल तरी तेच.

आता राउटरची जागा. ती ठरवतो जोडणीला आलेला मुलगा. त्याला पुढच्या तीन घरी जायचं असतं. खिडकीतून वायर जिथे आत येते तिथेच तो डबा ठोकतो. बहुतेक वेळा ते हॉलचं टोक असतं, टीव्हीच्या मागे. उरलेलं आपण करतो. लुकलुकणारे दिवे पाहुण्यांसमोर बरे दिसत नाहीत म्हणून राउटर शोकेसमध्ये, फ्रेम आणि ट्रॉफ्यांच्या आड जातो. लाकडातून लहर जाते, पण टीव्हीची पाठ, लोखंडी कपाट आणि आरसा यांना ती भिते. आरशाच्या काचेमागे धातूचा थर असतो, त्यावरून लहर उलट फिरते. सिमेंटच्या खांबात सळ्या असतात. पाणी लहर पिऊन टाकतं, त्यामुळे माशांची टाकी हासुद्धा शेजारी म्हणून वाईटच.

घराचा कच्चा नकाशा काढा आणि राउटरपासून पलंगापर्यंत पट्टीने रेघ मारा. रेघ भिंतीला तिरकी छेदत असेल, तर नऊ इंची भिंत लहरीला फूट-दीड फुटाची पडते. राउटर चार फूट सरकवून ती रेघ दारातून गेली, तर एक पैसा न खर्चता काम होतं. उंची डोक्याएवढी असू द्या. अँटेना नेम धरल्यासारखी खोलीकडे रोखू नका; टोकाच्या दिशेला लहर सर्वांत क्षीण असते. एकाच मजल्यावरच्या घरात अँटेना उभ्याच बऱ्या.

दोन पट्ट्यांचा गोंधळ पुष्कळांना असतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असते आणि भिंतीतून बऱ्यापैकी जाते. ५ ची त्याच्या निम्म्याहून लहान, वेगवान, पण भिंतीशी लवकर हरते. मग सगळं २.४ वर का नको? कारण तिथे गर्दी आहे. २००५ मध्ये भारतात खुला झालेला हा पट्टा जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झचा. त्यात १३ चॅनेल दिसतात खरे, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना न धक्का लावता मावतात तीनच, १, ६ आणि ११. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात चालतो, त्यामुळे दूध गरम होईपर्यंत कॉल अडखळतो. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधले ६०५ मेगाहर्ट्झ खुले झाले. तेव्हा हॉलमध्ये ५ आणि लांबच्या खोलीत २.४ असं वाटून घ्या, आणि फोनवरच्या एखाद्या फुकट अॅपने इमारतीत कोणतं चॅनेल कमी भरलंय ते पाहा.

एवढं करूनही आतली खोली कोरडीच राहिली, तर लोक रिपीटर आणतात. मीही आणला आणि जिथे रेंज नव्हती नेमका तिथेच खोचला. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? तो अर्ध्या वाटेवर, रेंज चांगली असते तिथे लावायचा. शिवाय स्वस्त रिपीटर एकाच चॅनेलवर ऐकतो आणि त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो.

त्यापेक्षा माळ्यावर पडलेला जुना राउटर काढा. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपी बंद करा. पत्ते वाटण्याचं काम घरात एकानेच करायचं असतं. त्याचा स्वतःचा पत्ता बदला: मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२, दुसऱ्या कुणाला दिलेला नसला म्हणजे झालं. वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरसारखेच ठेवा, चॅनेल मात्र वेगळं. मग मुख्य राउटरपासून आणलेली केबल याच्या लॅन पोर्टमध्ये घाला. वेगळ्या रंगाच्या, एकट्या पोर्टमध्ये नको. ही चूक मी दोनदा केली.

केबल कुठून न्यायची यावरून घरात वाद होतो, तो होऊ द्या. दाराच्या चौकटीवरून केसिंग पट्टीत नेली तर सहा महिन्यांनी कुणाला दिसतही नाही. खिडकीबाहेरून नेऊ नका. उन्हात वेष्टन तडकतं, आणि वीज जवळपास पडली तर तांब्याच्या तारेवरून झटका घरात येतो. १०० मीटरपर्यंत लॅन केबल वेग राखते. टू बीएचकेला १५ मीटर पुष्कळ झाले.

आमच्या आतल्या खोलीत आधी ६ येत होते, आता ४२ येतात. जुना राउटर एकाच पट्ट्याचा आहे, त्याच्याकडून याहून जास्तीची अपेक्षा नाही. खर्च झाला तो केबलचा, पट्टीचा आणि भिंतीला एक भोक पाडायला आलेल्या इलेक्ट्रिशियनचा. पुढच्या भागात वीज गेल्यावर राउटर चालू कसा ठेवायचा ते पाहू. जुन्या राउटरवर मागे १२ व्होल्ट लिहिलंय की ९, तेवढं तोवर बघून ठेवा.