तुळजापूरला निघालात? मग आणखी दोन दिवस काढा!

तुळजाभवानी ज्यांची कुलस्वामिनी आहे त्यांनी हात वर करा, असं म्हटलं तर निम्म्या मैत्रिणींच्या हातातून हा अंक खाली पडेल! लग्न झालं की तुळजापूर, बाळ झालं की तुळजापूर, नवसाला, जावळाला तुळजापूर. आणि दर वेळी तेच. रात्री निघायचं, पहाटे रांगेत उभं राहायचं, ओटी भरायची, नैवेद्य दाखवायचा आणि "चला, चला, उद्या ऑफिस आहे" म्हणत परत फिरायचं.

आमच्या सासूबाई अशा सव्वीस वेळा तुळजापूरला गेल्या आहेत. किती माणसांना किती पुरण, हा हिशेब त्यांना तोंडपाठ. गेल्या वर्षी मात्र भाजी निवडता निवडता त्यांनी सहज विचारलं, "अगं, ते नळदुर्ग नळदुर्ग म्हणतात, ते कुठेशी आलं?" मला उत्तर देताना लाज वाटली. तुळजापूरहून गाडीने तासाभराच्या आत! सव्वीस खेपांत कुणालाही त्यांना तिथं न्यावंसं वाटलं नव्हतं. मलाही नाही.

त्यांचे गुडघे आता कुरकुरू लागले आहेत. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून आम्ही तीन दिवसांचा बेत आखला. पाहायचा तो एकच जिल्हा, धाराशिव. (शेवटच्या निजामाच्या नावावरून पडलेलं उस्मानाबाद हे नाव २०२३ साली बदललं, पण पत्ता विचारताना दोन्ही नावं चालतात.) तो बेत तुमच्याही उपयोगी पडावा म्हणून इथं देते आहे.

कधी जावं?

हा बालाघाटचा डोंगराळ मुलूख, आणि तसा कमी पावसाचा. श्रावण-भाद्रपदात डोंगर हिरवेगार असतात. पाऊस बरा झाला असेल तर नळदुर्गचे धबधबेही मिळतात. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत हवा छान, आणि सुरुवातीला बालाघाटातली सीताफळंही मिळतात. उन्हाळ्यात मात्र लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन अजिबात जाऊ नये. नवरात्र, पौर्णिमा, मंगळवार आणि शुक्रवार टाळलेत तर दर्शन निवांत होईल.

पहिला दिवस : नळदुर्ग

पुण्याहून पहाटे पाचला निघा. सोलापूरला चहा घ्या आणि हैदराबादच्या रस्त्याला लागा. दुपारपर्यंत नळदुर्ग येतं. गावाचं नाव नळराजावरून पडलं, असं तिथले लोक सांगतात. नळ-दमयंतीची गोष्ट मुलांना गाडीतच सांगून टाका, म्हणजे किल्ला परका वाटणार नाही.

किल्ल्याला बोरी नदीचा वेढा आहे. नदीवर बांध घालून मुख्य किल्ला समोरच्या रणमंडळाला जोडला आहे, आणि त्या बांधाच्या पोटातच एक महाल आहे, तो पाणी महाल! इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, इ.स. १६१३ मध्ये तो बांधला गेला. नदी भरली की पाणी बांधावरून कोसळतं. त्या दोन धारांना 'नर' आणि 'मादी' म्हणतात. आपण आत कोरडे, आणि खिडकीबाहेर पाण्याचा पडदा! पाणी फार असेल तर मात्र आत उतरायचा हट्ट धरू नका. तिथली माणसं सांगतील ते ऐका. घरातून निघण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून 'बांधावरून पाणी जातंय का?' एवढं विचारून घेतलंत की विरस होत नाही.

इतिहासाची आवड असलेल्यांसाठी आणखी एक. एके काळी हा जिल्हाच नळदुर्गच्या नावाने ओळखला जाई. १८५३ नंतर काही वर्षं मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी इथला कारभार पाहत होता. ठगांवरची गाजलेली कादंबरी लिहिणारा तोच हा टेलर.

जवळच मैलारपूर आणि अणदूर ही खंडोबाची दोन ठाणी. मौज अशी, की देव एकच आणि देवळं दोन. सव्वादहा महिने देव अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपूरला. देवालाही हवापालट लागतो म्हणायचा!

संध्याकाळी तुळजापूरला मुक्कामाला या. दर्शन त्याच दिवशी उरकायची घाई करू नका.

दुसरा दिवस : तुळजापूर, लेणी आणि तेर

पहाटे, ताज्या अंगाने देवीला जा. एक गोष्ट ध्यानात ठेवा. बाकी बऱ्याच देवस्थानांना पायऱ्या चढून जावं लागतं, इथं त्या उतरायच्या असतात. उतरताना काही वाटत नाही, गुडघ्यांची परीक्षा परतताना होते. वडीलधाऱ्या बरोबर असतील तर वर येताना त्यांचा हात धरायला एक तरुण माणूस आधीच नेमून ठेवा. गोमुख तीर्थावर थांबा, कल्लोळ तीर्थ पाहा, आणि ओटीचं सामान घरूनच नीट बांधून आणा.

इथली एक प्रथा मला फार आवडते. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे जागेवरून हलवता येते. वर्षातून तीनदा देवी सिंहासन सोडून पलंगावर निजते. नवरात्राआधी घोर निद्रा, पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधी मोह निद्रा, आणि दसऱ्यानंतर कोजागिरीपर्यंत श्रम निद्रा. महिषासुराशी नऊ दिवस लढली, दमली, आता तिला निजू द्या! बघा, आपल्या वाडवडिलांनी देवीचे श्रम ओळखले, तिच्यासाठी पलंग घातला. घरातल्या बाईचे श्रम मात्र सहलीतसुद्धा संपत नाहीत. स्वयंपाकघर चार चाकांवर ठेवलं की झाली आपली सहल! म्हणून पुढची सूचना सगळ्यात महत्त्वाची समजा. या तीन दिवसांत बेत आखणाऱ्या बाईच्या वाट्याला रोज एक तास रिकामा आलाच पाहिजे. पाण्याच्या बाटल्या भरणं थोरल्या मुलाकडे, पिशव्या मोजणं धाकट्याकडे, खर्चाची वही यजमानांकडे. निघायच्या आदल्या रात्रीच ही वाटणी करून टाका आणि मग त्यात लक्ष घालू नका. एखादी बाटली रिकामी राहिली तर राहू दे.

न्याहारी करून धाराशिव गाठा. गावापासून सात-आठ किलोमीटरवर डोंगरात सात लेणी कोरलेली आहेत. ती मुळात बौद्ध की जैन, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पार्श्वनाथाची मूर्ती पाहून झाली की मोठ्या लेण्याच्या मंडपात दहा मिनिटं नुसतं बसा. गारवा काय असतो ते कळेल.

दुपारनंतर तेर. आज लहानसं दिसणारं हे गाव म्हणजे प्राचीन 'तगर'. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव आहे. इथलं तलम आणि जाडंभरडं कापड गाड्यांवर लादून भडोचला जाई, आणि तिथून समुद्रापार. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंमधून इथलं संग्रहालय उभं राहिलं. त्याच्या सुटीचा वार आधी विचारून घ्या. तेरला एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती १९३८ साली इटलीत, ज्वालामुखीने गाडलेल्या पॉम्पेईत मिळाली. मण्या-बांगड्यांशी तर आपण सगळ्याच रमतो. त्रिविक्रमाचं विटांचं, पाठीमागे अर्धगोल असलेलं देऊळही पाहा.

आणि तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. विठ्ठलाच्या नामात रंगून चिखल तुडवताना पायाखाली पोटचं मूल आलं, ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली आहे. समाधीपुढे सगळे काकांना हात जोडतात. मला मात्र तिथं त्या मुलाची आई आठवली. तुम्हालाही आठवेल.

मुक्काम धाराशिवला. जेवणानंतर इथले गुलाबजाम खाल्ल्याशिवाय झोपायचं नाही, बरं का!

तिसरा दिवस : येडशी आणि परंडा

सकाळी येडशीच्या रामलिंगाला जा. दरीत उतरलेलं महादेवाचं देऊळ आणि भोवती झाडी. १९९७ पासून हे अभयारण्य आहे. माकडांपासून खाऊच्या पिशव्या सांभाळा! हाताशी वेळ असेल तर येरमाळ्याची येडाई जवळच आहे.

तिथून बार्शीमार्गे परंडा. हा भुईकोट, म्हणून गुडघेवाल्यांना सोयीचा. भोवती खंदक, आत तोफा. १६०० साली अहमदनगर मोगलांकडे गेलं, तेव्हा निजामशाहीने राजधानी इथं हलवली होती. विजापूरची प्रसिद्ध मुलुखमैदान तोफ इथूनच गेली. परंडा तालुक्यातच डोमगावला समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांची समाधी आहे. पुढे कुर्डुवाडी, टेंभुर्णी करत रात्री घरी.

डबा आणि इतर

पहिल्या दिवसापुरत्या दशम्या, धपाटे आणि शेंगांची चटणी घ्या. पुढे भाकरी आणि येसराची आमटी तिथंच खा. तिथल्या बायकांच्या हातची भाकरी आपल्याला जमत नाही, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. गाडी लागणाऱ्यांसाठी आलेपाक, टोपी, टॉर्च, सासूबाईंच्या गोळ्यांची वेगळी डबी. लिंबं विसरू नका.

आता जरा अडचणीचं. वाटेत सोय नसते म्हणून आपण प्रवासात पाणीच पीत नाही. मग डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, आणि घरी आल्यावर चार दिवस त्रास. असं करू नका. दर दोन तासांनी गाडी थांबवायची, हे निघतानाच मोठ्याने सांगून टाका. मोठ्या पंपांवर आणि हॉटेलांत सोय असते. मागायला लाजायचं नाही.

आमच्या सहलीत पहिल्याच दिवशी पाणी महालाच्या खिडकीपाशी सासूबाई टेकल्या. समोर धार कोसळत होती, पदरावर तुषार येत होते. ह्यांनी घड्याळ पाहिलं, पण वाटणी ठरलेली होती, म्हणून काही बोलले नाहीत. चाळीस मिनिटं त्या तिथून हलल्या नाहीत. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सव्वीस वेळा आले गं या बाजूला. बसले पहिल्यांदाच."

म्हणून म्हणते, पुढच्या खेपेला आईला, सासूबाईंना घेऊन चला. आणि त्यांच्याशेजारी तुम्हीही बसा. मग, कधी निघताय?